दोन बोटं उघडं झाकण

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि चार महिन्यांत मी घरच्यांच्या डोक्याला ताप झालो. पंखे दुरुस्त करून झाले, मिक्सर झाला, शेजाऱ्यांची पाण्याची मोटरसुद्धा खोलून बसवली. मग एक दिवस मनानं घेतलं की घरात नळाची बीअर काढायची. बाटलीतली नाही, नळाची. गार, वर बोटभर फेस असलेली. अमरावतीचा एक तरी मे महिना ज्यानं काढलाय त्याला हे वेड समजावून सांगावं लागत नाही. बायकोनं मात्र कपाळावर हात मारला.

"लोक या वयात भजनाले जाऊन राहिले, अन् तुमी घरात दारूची भट्टी लावा!"

भट्टी नाही गं, तयार बीअरचं स्टीलचं पिंप आणायचं, परवाना काढून, हे मी तिला तीनदा सांगितलं. तिनं तीनदा ऐकून सोडून दिलं.

या कामाला आडवा डीप फ्रीजर लागतो. आइस्क्रीमच्या दुकानात असतो ना, पेटीसारखा, वरून झाकण उघडायचा, तो. आत पिंप बसतं, पिंपाला गॅसचं लहान सिलिंडर जोडायचं आणि नळ बाहेर काढायचा. पण फ्रीजरच्या अंगाला भोक पाडायचं नाही, कारण त्याच्या भिंतींतून गॅसच्या बारीक नळ्या फिरलेल्या असतात. एक फुटली की संपलं. म्हणून झाकण काढायचं, पेटीच्या तोंडावर लाकडाची चौकट बसवायची, चौकटीवर पुन्हा झाकण, आणि नळ त्या चौकटीतून काढायचा. आत बर्फ होऊ नये म्हणून बाहेरून एक यंत्र लावायचं. आतलं तापमान तीन अंशांवर आलं की ते फ्रीजर बंद करतं, वर गेलं की चालू करतं. लाल आकडे दिसतात.

असा एक फ्रीजर मला ठाऊक होता. अकोल्याला, माझ्या मोठ्या बहिणीकडे. भाऊजींची डेअरी आहे, आणि मागच्या गोदामात सहा वर्षं तो नुसता पडून होता.

आता आईचं सांगावं लागेल. ते सांगितल्याशिवाय ताईचं आणि माझं काय बिनसलं होतं ते कळायचं नाही.

आईचं माहेर दर्यापूरकडचं. लहानपणी घरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला असताना ती खेळता खेळता त्या ढिगात दबली. पाय तेवढा बाहेर दिसला म्हणून वाचली. तेव्हापासून तिला बंद काही चालायचं नाही. न्हाणीची कडी लावायची नाही, बसमध्ये खिडकी उघडी हवी, रात्री झोपताना खोलीचं दार लोटायचं, लावायचं नाही. "दोन बोटं राहू दे रे," एवढंच म्हणायची. आम्ही भावंडं त्यावरून तिला फार चिडवायचो. थंडीत त्या फटीतून वारा यायचा आणि मी रजईतून ओरडायचो, आई, लाव ना ते दार! ती काही लावायची नाही.

ती ताईकडे गेली असताना अकोल्यातच वारली. मे महिना, सकाळची वेळ. माझी बदली तेव्हा थेट आसामात. फोनवर मी एवढंच बोललो, "मी येतो. थांबा." विमान, मग गाडी, मग दुसरी गाडी. दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याला उतरलो, ऑटोनं घरी आलो, तर दारात बायका फरशी धूत होत्या. पाणी पायरीवरून खाली येत होतं. मला कुणी काही सांगायची गरजच पडली नाही.

दोन तास झाले होते नेऊन. अग्नी ताईनं दिला होता.

शीतपेटी मिळाली नाही, ऊन फार होतं, घाई करावी लागली, असं कुणीतरी म्हणालं. मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. सगळ्यांसमोर मी ताईला म्हणालो, "दोन तास थांबता नाही आलं तुले? तू माही आई चोरली." ती काही बोलली नाही. उलट बोलली असती, रडली असती, तर माझा राग तिथंच निवला असता कदाचित. पुढं सहा वर्षं राखी टपालानं यायची, ती मी बायकोकडून बांधून घ्यायचो आणि फोन करायचो नाही. एवढा मी दुष्ट आहे.

तर फ्रीजरसाठी मी भाऊजींना फोन केला, ताईला नाही. ते म्हणाले, "ने बापा. तुही बहीण तं त्याले हातही लावू देत नाही." छोटा टेम्पो घेऊन गेलो. चौघांनी मिळून पेटी चढवत होतो तेवढ्यात ताई पदराला हात पुसत बाहेर आली.

"हा नको नेऊ."

"कावून?"

"नको म्हणलं ना. दुसरा घे."

मनात म्हटलं, बघा, सहा वर्षं पडलेलं डबडंसुद्धा सुटत नाही हिच्या हातून! भाऊजी मधे पडले. "नेऊ दे त्याले. त्याचाही हक्क आहे त्याच्यावर." मला ती त्यांची थट्टा वाटली. मी हसलोसुद्धा.

घरी आणून पेटी मागच्या खोलीत ठेवली, धुतली, चालू केली. घरघर करत लगेच गार झाली. काय आनंद झाला म्हणता! ओळखीच्या सुतारानं सागवानाची चौकट करून दिली. नवे बिजागर, झाकणाला नवं रबर. नागपूरहून पिंप आणलं, नळ्या जोडल्या, नळ बसवला. संध्याकाळी आकडा तीनवर आला. उद्या पहिला ग्लास, असं जाहीर करून मी झोपलो.

सकाळी आकडा बारा होता. झाकण एका कोपऱ्यात उघडं होतं, दोन बोटं.

रबर नवं आहे, बसायला वेळ लागेल, म्हटलं. दाबून लावलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, तोच डावा कोपरा. सुताराला बोलावलं. तो बिचारा गुण्या लावून लावून थकला. "साहेब, चौकट काटकोनात आहे, झाकणही सरळ आहे. माह्या कामात खोट नाही." मी त्याच्यावर उगाच खेकसलो. बिजागर बदलले, रबर पुन्हा बदललं. दिवसभर झाकण गुमान बसलेलं असायचं, आणि सकाळी तो कोपरा उचललेला. गरम झालेल्या पिंपातून नळ सोडला की नुसता फेस यायचा, ग्लासभर फेस.

आणि वास. तो मी पहिले काही दिवस मनावर घेतला नाही. झाकण उघडलं की आतून ओल्या फरशीचा वास यायचा. नुकत्याच धुतलेल्या, उन्हात वाळत असलेल्या. पेटी मीच साबणानं धुतली होती, तिथं फरशी कुठून येणार? मी तो वास ओळखत होतो. पण तोंडानं म्हणायची तयारी नव्हती.

मग मी हट्टाला पेटलो. सोयाबीनचं अर्धं पोतं उचलून नेमकं त्या कोपऱ्यावर ठेवलं. आता उघड म्हणावं! रात्री तिथं जागून पाहावं असं मनात आलं होतं, पण धाडस झालं नाही, खोटं कशाला बोलू. सकाळी बायको आधी उठली. तिनं मला हाक मारली नाही, नुसती येऊन पलंगाजवळ उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मी चप्पलही न घालता मागच्या खोलीत गेलो.

पोतं जिथं ठेवलं होतं तिथंच होतं. झाकण पोत्यासकट दोन बोटं वर होतं.

बायको दारातूनच हळू म्हणाली, "आईंचं दार असंच राह्यचं नाही का?"

मी तिच्यावर ओरडलो. काय वाट्टेल ते बोलतेस, शिकलेली आहेस का कोण आहेस! ती चहा ठेवायला गेली.

त्या दिवशी सहा वर्षांत पहिल्यांदा मी ताईला फोन केला. राम राम नाही, कशी आहेस नाही. एकदम विचारलं, "ताई, ह्या फ्रीजरचं झाकण तुमच्याकडं पण उघडं राह्यचं का? डाव्या कोपऱ्यात?"

ती म्हणाली, "किती उघडं राह्यते?"

"दोन बोटं."

तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती एसटीनं आली, एकटीच. माझ्या घरी सहा वर्षांनी. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "कुठं आहे?"

मागच्या खोलीत ती बराच वेळ पेटीकडं पाहत राहिली. नळ, नळ्या, चौकट, काही विचारलं नाही. मग त्या डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"शीतपेटी नव्हतीच मिळाली. गावात त्या दिवशी दोन मयती अजून होत्या. तू म्हणला होता, थांबा. मग तुह्या भाऊजीनं दुकानातला हा फ्रीजर घरात आणला. आइस्क्रीम सारं गल्लीत वाटून टाकलं. माय लहानखुरीच होती, मावली."

मी भिंतीला टेकलो.

"झाकण लावलं अन् मले काही सुचेना रे. बंद पेटीत माय! जिनं जन्मभर दाराची कडी लावू देली नाही. सारे म्हणे गेली ती, तिले आता काय होते. मले पटत होतं, पण राहवेना. मग सारे अंगणात बसले तेवा मी लाटणं आणलं अन् ह्या कोपऱ्यात अडकवून देलं. दोन बोटं. तिचा जीव कोंडू नये म्हणून. वरून चादर टाकली, कोणाले दिसू नये. रातभर इथंच हात ठेवून बसली होती मी. तिले सांगत होती, येऊन राहिला तो, येऊन राहिला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दिवसाची पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्री, रातीही तापलेलंच. त्या फटीतून सारा गारवा निघून गेला. सकाळी चादर काढली तं... तुले दाखवण्यासारखं तोंड राह्यलं नव्हतं तिचं. हे मले सगळ्यायसमोर बोलले, अक्कल आहे का म्हणून. बरोबरच बोलले. दुपारपर्यंत अजूनच झालं असतं. मीच म्हणलं, उचला. तो यायच्या आत उचला."

"अन् मी तुले चोर म्हणलो."

"म्हणला."

"सांगायचं ना मग! सहा वर्षं, ताई! एक शब्द बोलायचा होता!"

"काय सांगू? मायचं तोंड माह्या हातानं नासलं, हे? तू मले चोर म्हणलं ते चाललं मले. पण तू डोळे मिटले की तुले मायचं जे तोंड दिसते ना, ते चांगलं आहे. ते राहू दे म्हणलं. दुसरं मी पाह्यलंय, तेवढं पुरे."

मला रडू आवरेना. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मी तिथंच फरशीवर बसून हमसून हमसून रडलो. ती माझ्याजवळ आली नाही. कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून वाकली आणि झाकणाच्या फटीशी तोंड नेऊन, आई बहिरी झाली होती तेव्हा तिच्याशी बोलायची तशा सुरात म्हणाली, "तुहा पोट्टा आला व माय. इथंच बसला आहे. लाव आता."

आणि झाकण दाबलं. रबराचा बारीक आवाज आला. बसलं ते.

जेवून ती चारच्या गाडीनं परत गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. आम्ही दोघं उसाचा रस प्यायलो, तिच्या गुडघ्याचं बोललो, पेटीचं काही बोललो नाही. गाडी सुटताना तिनं खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण घट्ट बंद होतं आणि आकडा तीनवर होता. वास नव्हता. मी नळ सोडला. कित्येक आठवडे ज्यासाठी जीव टाकला होता ती बीअर पहिल्यांदा जशी हवी तशी आली, गार, वर बोटभर फेस. ग्लास हातात धरून मी उभा राहिलो. ज्या पेटीत आई माझी वाट बघत होती, ती आता अगदी नीट बंद होती, आणि मला ते बघवेना. ग्लास मोरीत ओतला. प्लग काढला.

पोळ्यांच्या वेळेला स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "अहो, लाटणं पाह्यलं का कुठं? सारं घर शोधून राहिली मी."

"ते आता मिळायचं नाही," मी मागच्या खोलीतूनच म्हणालो. "संध्याकाळी नवीन आणू."