चिकटून आलेले निरोप

पुण्यात बिबवेवाडीहून खराडीच्या ऑफिसापर्यंत स्कूटर हाकता हाकताच मेहरुनचा अर्धा जीव जायचा. वय एकोणपन्नास. बरोबरीचे सगळे नव्या कामांकडे वळले होते. जुन्या गिऱ्हाइकांचे सी भाषेतले प्रोग्राम सांभाळायला कंपनीत ती एकटीच उरली होती.

मार्चमध्ये एका शीतगृहाची तक्रार आली. तिथलं यंत्र बंद पडलं की प्रोग्राम पडद्यावरच्या काळ्या खिडकीत तसा इशारा लिहायचा. त्या दुपारी इशारा दिसलाच नाही, असं पडद्यासमोर बसणाऱ्या सर्जेरावांचं म्हणणं. पण प्रोग्राम जी नोंद वेगळी ठेवायचा, तिच्यात इशाऱ्याची वेळ होती : दोन वाजून दहा मिनिटं. चार वाजेपर्यंत आइस्क्रीमचा सगळा साठा वितळला. म्हातारा झोपला असणार, असं ठरवून त्यांना गेटवर बसवलं गेलं. प्रोग्राम ठीक आहे एवढं मेहरुननं लिहून द्यायचं होतं.

दिलंही असतं. पण सर्जेरावांच्या जबाबात एक वाक्य होतं : चार वाजता दोन निरोप एकाच ओळीत चिकटून आले. खोटं बोलणारा माणूस असलं काही कशाला रचेल?

तिनं प्रोग्राम उघडला. इशाऱ्याच्या वाक्यापुढे ओळ संपल्याची खूणच नव्हती. खूण नसली की मजकूर लगेच उमटत नाही. अडकून राहतो आणि पुढच्या निरोपाबरोबर बाहेर पडतो. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात हे. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं, तिचंच, अकरा वर्षांपूर्वीचं.

रडू आलं नाही. ते नाव तिनं पुन्हा एकदा वाचलं. मग ती उठून तिचे वरिष्ठ सुदर्शन सर यांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं.

"तुम्हाला कबुलीजबाब द्यायला कोणी बोलावलंय का?" त्यांनी विचारलं.

"अहो सर, त्या माणसाला गेटवर बसवलंय."

त्यांनी समोरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "लिहा. पण सही तुमची."

दुरुस्ती म्हणजे ती राहिलेली खूण, दोन अक्षरांची; पत्र एका पानाचं. पत्र घेऊन ती स्वतःच शीतगृहात गेली. तिथल्या साहेबांनी ते वाचलं आणि सर्जेरावांना परत आत घेतो म्हणाले. ते सांगायला ती गेटवर आली, तेव्हा सर्जेराव गाड्यांचे नंबर लिहीत होते. चूक माझी होती, हे तिनं उभ्याउभ्याच सांगितलं.

"घरचीबी म्हनायची, डुलकी लागली आसंल," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटाया लागलं हुतं."

"आता परत आत बसा."

"नगं मॅडम. हितंच बरं हाय. त्या पडद्याम्होरं बसलो तर माजा माज्याच डोळ्यांवर इस्वास न्हाई ऱ्हायाचा." त्यांनी हात पुढे केला. "तो कागद तेवढा द्या. घरी दावतो."

तिच्याकडे पत्राची एक प्रत होती, ती तिनं दिली. त्यांनी घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

ऑफिसात परतल्यावर मेहरुननं त्या प्रोग्राममधली बाकीची वाक्यं तपासायला घेतली. एकशे बारा होती. संध्याकाळपर्यंत तशीच, खूण नसलेली, आणखी दोन सापडली.