देव्हारा खिडकीतून

अ‍ॅमस्टरडॅमला कालव्याकाठी घर घेतलं, आणि पुण्याहून मागवलेला सागवानी देव्हारा चिंचोळ्या जिन्यात अडकला. समोरच्या नावेत राहणारे एक आजोबा दोर घेऊन आले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सामान बाहेरून वर ओढायला छपराखाली असलेल्या हुकात दोर ओवत त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"देवांचं घर."

त्यांनी मारलेली गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली, टोपी काढली आणि मगच दोर ओढला.

व्हिडिओ कॉलवर आई उसळली, "खिडकीतून? देव काय चोर आहेत?"

मी ते आजोबांना सांगितलं. ते हसले. "या शहरात दारातून पाहुणे येतात. कायमचं राहायला येणाऱ्याचा संसार पूर्वीपासून खिडकीतूनच येतो."

मी तेही आईला सांगितलं. मग ती म्हणाली, "विचार त्यांना, नैवेद्याचा शिरा आवडेल का."