बावन्न की एकोणपन्नास

सोमवारी सकाळी सहा वाजता माझी पत्नी सुनंदा गेली. दुकान तेरा दिवस बंद राहिलं. चौदाव्या दिवशी मी शटर उघडायला गेलो, तेव्हा फैजपूरचे नाना पायरीवर बसलेले होते. सोबत त्यांची मुलगी प्रणाली.

"वाईट झालं भाऊ," नाना म्हणाले. मग थोडं थांबून, "आमचं आज राहू द्या. पुन्हा येऊ."

"आलात तर बसा," मी म्हणालो.

जळगावात आमचं रोड बाइकचं दुकान आहे. रोड बाइक म्हणजे शर्यतीची हलकी सायकल, बारीक टायरची, हँडल खाली वळलेली. मी आधी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवायचो. त्यामुळे गिअर, ब्रेक, चाकं हे माझं खातं. सुनंदा फिजिओथेरपिस्ट. ग्राहकाचं माप तीच घ्यायची. कागदावर एक आकडा लिहून द्यायची आणि मी त्या साइझची सायकल उभी करायचो. बारा वर्षांत हाच आकडा का, असं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

प्रणाली एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये राहणारी. सहा आठवड्यांनी धुळ्याला संघनिवडीची शर्यत होती. पहिल्या सहा मुली संघात जाणार होत्या. गेल्या वर्षी ती अर्ध्यावर उतरली होती. तळहात इतके बधिर झाले की ब्रेक दाबता येईना. या वर्षी जमलं नाही तर सायकल बंद आणि फक्त अभ्यास, असं घरात ठरलं होतं. पण ही शेवटची संधी तरी चांगल्या सायकलवर घ्यावी, म्हणून नाना कार्बनची फ्रेम घ्यायला आले होते.

कार्बनची फ्रेम साच्यातून निघते. ती नंतर कापता येत नाही, वाढवताही येत नाही. साइझ चुकली की चुकली. प्रणालीसाठी दोन साइझ समोर होत्या, बावन्न आणि एकोणपन्नास. मधली साइझ कंपनी करत नाही.

"दोन्हीची किंमत सारखीच हाये का?" नानांनी विचारलं.

"सारखीच."

"मंग मोठीच घ्या ना भाऊ. तेवढ्याच पैशात लहान कोन घेईन?"

"नाना, ती चप्पल नाहीये," प्रणाली म्हणाली.

"चप्पल बी तुले एक नंबर मोठीच घेत होतो. काय बिघडलं?"

"शाळेत पडायचे मी."

मला नानांचं नवल वाटलं नाही. आमच्याकडे शाळेचा शर्टसुद्धा वाढत्या अंगाचा शिवतात. मीही दोन दोन वर्षं बाह्या दुमडून वापरले आहेत. चौकशी केली तेव्हा कळलं, प्रणालीची जुनी सायकलही याच हिशेबानं घेतलेली होती.

कंपनीच्या चार्टमध्ये तिच्या उंचीसमोर बावन्नच लिहिलेलं होतं. धुळ्याहून तिच्या कोचचा, देवरे सरांचा फोन आला.

"चार्ट स्पष्ट आहे सर. बावन्न घ्या. लांब वाटली तर स्टेम आखूड टाका."

स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. तो आखूड केला की हँडल जवळ येतं. पण फार आखूड केला की सायकल हाताच्या जराशा हालचालीनंही इकडेतिकडे वळते. उतारावर ते नको. मी सरांना तसं सांगितलं. "बघा बुवा," ते म्हणाले.

तेवढ्यात पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरचा फोन आला. "एकोणपन्नासचा एकच पीस उरलाय. संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर नाशिकला जाईल. बावन्न पाहिजे तेवढे आहेत."

मी टेप काढला. पाय, धड, हात, खांदे मोजले. पाय लांब, धड आणि हात आखूड. चार्ट फक्त उंची बघतो, हे त्याला दिसणार नव्हतं. पण नुसत्या आकड्यांवरून मलाही खात्री होईना. दोन साइझमध्ये हँडलच्या अंतराचा फरक जेमतेम एक सेंटिमीटर होता.

दुकानात एक फिटिंगचा सांगाडा आहे. बिनचाकांची सायकल, जिची लांबी-उंची बदलता येते. त्यावर मी आधी बावन्नचं माप लावलं आणि प्रणालीला पॅडल मारायला सांगितलं. कोणतं माप लावलंय ते दोघांनाही सांगितलं नाही. ती पाठ सांभाळून, कोपर वाकवून, पुस्तकातल्या चित्रासारखी बसली. दहा मिनिटं झाली. सगळं बरोबर दिसत होतं.

सुनंदा अशा वेळी ग्राहकाशी गप्पा मारायची. गाव कुठलं, सासर कुठलं, भरताला वांगी कुठून आणता. तो तिचा स्वभाव आहे असं मी धरून चाललो होतो. मला गप्पा येत नाहीत. तरी विचारलं, "हॉस्टेलचं जेवण कसं आहे?"

प्रणाली सांगू लागली. वरणात डाळ शोधावी लागते, पोळ्या गार असतात. बोलता बोलता तिचं बसण्यावरचं लक्ष सुटलं. कोपर सरळ झाले. खांदे कानांकडे गेले. उजवा हात हँडलवरून उचलून तिनं दोनदा झटकला, आणि आपण तो झटकला हे तिला कळलंही नाही.

गप्पा कशासाठी असायच्या ते मला तेव्हा कळलं.

मी एकोणपन्नासचं माप लावलं. पुन्हा हॉस्टेल. या वेळी मेसच्या बाईंची नक्कल करेपर्यंत मजल गेली. कोपर वाकलेलेच राहिले. वीस मिनिटांत हात एकदाही उचलला नाही.

नाना उठून तिच्यामागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी तिच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"आधीच्याले इथं ताठ होतं. आता मोकळं हाये." मग माझ्याकडे वळून, "मापाचं जू नसलं का बैलाच्या मानेले घट्टे पडतात."

"मी बैल का नाना?"

"गप. बैलाले मी सुतार घरी बोलावून मापानं जू करून घेतो. तुले नाही केलं."

मी पुण्याला फोन करून एकोणपन्नास पक्की केली. देवरे सरांनाही कळवलं.

"आणि चूक निघाली तर?" त्यांनी विचारलं.

"तर माझी."

बाकीचे पार्ट ठरवायला अर्धा तास पुरला. तिथे मला कोणाला विचारावं लागत नाही. पॅडलचा दांडा, म्हणजे क्रँक, एकशे पासष्ट मिलिमीटरचा. हँडल तिच्या खांद्यांइतकंच रुंद. चढासाठी मागे मोठी दातेरी चकती. टायर अठ्ठावीस मिलिमीटरचे, जरा रुंद.

"बारीक टायर जास्त पयते ना?" नाना म्हणाले.

"गुळगुळीत रस्त्यावर. फैजपूरहून तुम्ही कुठल्या रस्त्यानं आलात?"

नाना हसले. टायर अठ्ठावीसचेच राहिले.

शर्यतीला मी धुळ्याला गेलो. प्रणाली पाचवी आली. मी विचारलं, "हात?" तिनं दहाही बोटं माझ्यासमोर हलवून दाखवली आणि पाणी मागितलं. देवरे सर म्हणाले, "माझ्या आणखी दोन मुली पाठवतो. चार्ट बघू नका, त्यांनाच बघा."

महागडी फ्रेम घेणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. उंचीवरून साइझ ठरवू नका, आणि किंमत सारखी आहे म्हणून मोठी तर मुळीच घेऊ नका. आधी सांगाड्यावर बसा आणि वीस मिनिटं कशावरही बोला.

सुनंदाचं काम आता माझ्याकडे आहे. मला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दुकान दहा ते सात उघडं असतं.