पिठाच्या डब्याचं कुलूप

त्या दुपारी मी आणि बायकोने ज्वारी निवडली. माझ्या हातात सूप होतं. तिच्याने सूप धरवत नव्हतं, म्हणून ती खडे वेचून वाटीत टाकत होती. मध्येच म्हणाली, "गल्लीमा सांगं का तुम्ही?"

मी उद्यावर ढकललं, "सांगसू सकाय."

"तुमनी सकाय कधी येवाव नही," असं म्हणून हसली आणि आडवी झाली. पाच वाजता चहा घेऊन गेलो तर उठली नाही.

काय सांगायचं होतं, ते आधी सांगतो. मी तिसरी शिकलेला माणूस. पर्वत पाटियाजवळ एका खोलीत राहून लूमच्या कारखान्यात जन्म घालवला. दोन वर्षांपूर्वी बायकोला जुलाब लागले ते थांबेचनात. अंगावरचं मांस गेलं, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टर म्हणाला, गहू सोसत नाही, बंद करा. बंद केला. नुसती ज्वारीची भाकरी. चार महिन्यांनी वजन आणखी कमी. डॉक्टर मला बाजूला घेऊन गुजरातीत म्हणाला, "काका, काकी छानामाना रोटली तो नथी खाता ने?"

माझ्या डोक्यात तेच बसलं. ती चोरून खाते. गव्हाच्या पिठाच्या डब्याला मी कडी ठोकून कुलूप लावलं, किल्ली करदोड्याला बांधली. एवढ्यावर थांबलो नाही. गल्लीतल्या बायकांना सांगितलं, हिला पोळी देऊ नका, ही चोरून खाते आणि मग हगवण घेऊन बसते. अशाच शब्दांत सांगितलं. ती दाराआड ऐकत होती.

ती म्हणायची, "मी चोरीसन खादं नही." मी म्हणायचो, मग वजन कुठे गेलं? बायका तिला बघून ताट झाकायला लागल्या. ती ओट्यावर बसायची बंद झाली.

पुढे मुलाने मोठ्या दवाखान्यात नेलं. तोंडातून नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढला, रक्त कुठे लांब तपासायला पाठवलं. तिथली डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, हा आजार फार थोड्यांना होतो. शरीरच आपल्या आतड्याला दुश्मन समजून खातं. गव्हाचा यात दोष नाही."

"मग हिने चोरून खाल्लं नव्हतं?"

"खाल्लं असतं तरी काही फरक पडला नसता."

गोळ्या सुरू झाल्या. थोडी उभारी आली, पण अंगात काही उरलंच नव्हतं. गव्हाची मोकळीक मिळाली तरी ती ज्वारीच खायची. मागायची एकच गोष्ट, गल्लीत जाऊन खरं सांगा. मी रोज उद्या म्हणायचो. सगळ्या गल्लीसमोर मान खाली घालायची लाज वाटायची, दुसरं काही कारण नव्हतं.

स्मशानातून आलो तेव्हा शेजारची म्हातारी बायको गेली त्या जागेवर दिवा लावत होती. आमच्यात त्या जागी पीठ पसरून टोपली झाकतात, सकाळी पिठात कसलं पाऊल उमटलं ते बघतात, त्यावरून गेलेल्याचा पुढचा जन्म कळतो म्हणतात. म्हातारी म्हणाली, "भाऊ, डबा उघडत नही." सगळ्यांच्या देखत मी करदोड्याची किल्ली काढली. कुलूप काढायचं राहूनच गेलं होतं. तिनेही कधी काढा म्हटलं नव्हतं.

सकाळी बायका जमल्या. टोपली उचलली. एक म्हणाली गाईचं खूर आहे, दुसरी म्हणाली पाखराचा पाय. मला नुसतं पीठ दिसलं.

मी म्हटलं, "ऐका. तिने कधी चोरून खाल्लं नाही. मी खोटं सांगत होतो. आजार वेगळाच होता."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. लूमच्या खडखडाटाने मला कमी ऐकू येतं, म्हणून माझा आवाज मोठा असतो. पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला असेल. तरी मी बाहेर ओट्यावर गेलो आणि तेच पुन्हा एकदा सांगितलं.