धरणावरची संशयित बाई

देशाच्या अंतर्गत सुरक्षेचं पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मला संशयित म्हणून ताब्यात घेण्यात आलं.

निरगुडसरच्या आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पदवी मिळाली तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले. पुढे मी 'अंतर्गत सुरक्षा व्यवस्थापन' घेतलं, तेव्हा मात्र लोकांना काय सांगावं हे तिला कळेना. शेवटी "पोरगी सिक्युरिटीत गेली" एवढंच तिने सांगितलं. शेजारचे तात्या म्हणाले, "कोणत्या सोसायटीच्या गेटवर?" (ते मनापासून विचारत होते. त्यांना जावयालाही तिथे चिकटवायचं होतं.)

शेवटच्या सत्रात एखाद्या महत्त्वाच्या ठिकाणाची सुरक्षा प्रत्यक्ष पाहून अहवाल द्यायचा होता. सोबत पाहणी केल्याचा सही-शिक्क्याचा कागद हवा. सोमवारपर्यंत तो दिला नाही तर वर्ष वाया. मी येडगावचं धरण निवडलं, कारण तिथे माझी मामी राहते आणि तिच्या हातच्या मासवडीला तोड नाही.

आठ दिवस आधी मी मामीच्या बचत गटापुढे 'दक्ष नागरिक' या विषयावर भाषणही दिलं. "अनोळखी माणूस धरणाचे फोटो काढताना, वहीत लिहिताना दिसला तर लाजायचं नाही. सरळ एकशे बाराला फोन करायचा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मामीने नंबर मोबाइलच्या मागे चिकटवला. आपलं शिक्षण आपल्याच माणसांच्या कामी येतंय हे पाहून मला भरून आलं.

शुक्रवारी मी स्कूटीवरून निघाले. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, अंगात सनकोट. (आमच्याकडच्या मुली उन्हाला असंच तोंड देतात, म्हणजे मुळीच देत नाहीत.) मामीकडे आधी गेलं की ती जेवल्याशिवाय सोडणार नाही, म्हणून थेट धरण गाठलं. तीन फेऱ्या मारल्या. दरवाज्यांचे फोटो काढले, दिवे मोजले, पायऱ्या मोजल्या. मग रखवालदार काकांना नम्रपणे विचारलं,

"काका, इथे रात्री किती माणसं असतात?"

काकांनी मला गॉगलपासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"आणि सगळ्यात कच्ची बाजू कुठली?"

काकांनी शांतपणे माझ्या स्कूटीची किल्ली काढून खिशात घातली. मी वहीत लिहिलं, 'रखवालदार सतर्क. उत्तम.'

थोड्या वेळाने पोलिसांची गाडी आली. हवालदारांनी माझं कॉलेजचं ओळखपत्र उलटंपालटं करून पाहिलं.

"परवानगीचं पत्र?"

"तेही आता ऑफिसातून घेणारच होते."

"म्हंजी पाहणी आधी, परवानगी मागून?"

यावर आमच्या अभ्यासक्रमात काही नव्हतं.

एवढ्यात शेजारच्या कांद्याच्या वावरातून खुरपं घेतलेली एक बाई ताठ मानेने आली. माझी मामी!

"म्याच केला फोन, सायेब. लई येळ बगत व्हते. माझी भाची ह्येच शिकतीया, तिनंच सांगितलंय आमाला."

"मामी, अगं मीच आहे!"

"बगा सायेब, नातं लावाया लागली. ह्ये बी भाचीनं सांगितलंय, असली मानसं आदी वळख काढत्यात."

स्कार्फची पिन केसांत अडकलेली. मी दोन्ही हातांनी ओढत होते, आणि हवालदार म्हणत होते, "हात खाली ठेवा, मॅडम." शेवटी स्कार्फ सुटला.

मामीच्या हातातलं खुरपं खाली पडलं. "अगं बया. नीलू?" मग हवालदारांकडे वळून, "सायेब, फोन माघारी घेता येतो का?"

"न्हाई मावशी. नोंद झाली. आता जबाब घ्यावाच लागंल."

ठाण्याकडे जाता जाता मी धरणाच्या ऑफिसात पाहणीचा कागद मागून पाहिला. तिथले साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोलिसांच्या ताब्यातल्या व्यक्तीला आम्ही काही देत नाही." घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी, आणि वर्ष घालवलं ते स्वतःच्याच भाषणापायी.

ठाण्यात मामी मासवडीचा डबा घेऊन शेजारी बसली. मी जबाब दिला. हवालदारांनी त्याखाली केलेली नोंद वाचून दाखवली, "सदर महिला धरणावर हजर राहून दरवाजे, दिवे व पायऱ्यांची बारकाईने पाहणी करीत असताना मिळून आली." खाली सही. गोल शिक्का.

"साहेब," मी म्हणाले, "याची एक प्रत मिळेल?"

"लोक नोंद खोडा म्हणून पाया पडत्यात. तुमी प्रत मागताय?"

दिली त्यांनी. सोमवारी आमच्या सरांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि मला पास केलं. शेरा अजून जपून ठेवलाय, "धरणाची सुरक्षा उत्कृष्ट. स्थानिक महिलांचं प्रशिक्षण अत्युत्तम. घुसखोर मात्र अगदीच कच्चा."