ओमानच्या उन्हात हिवाळी टायर

माबेल्यातील मित्रहो, मदत हवी आहे. आधी कारण नीट सांगतो.

थंड देशातून आलेली जुनी गाडी नुकतीच घेतली. तिच्या हिवाळी टायरांच्या खोल खाचा दाखवून "पकड उत्तम!" असे मी पत्नीला उत्साहाने समजावले होते. आज दुपारी सिग्नलला ब्रेक दाबला, तरी गाडी पुढे जातच राहिली.

"अहो, थांबवा ना!"

"दाबलाय गं ब्रेक!"

पुढच्या ट्रकपासून वीतभर अंतरावर थांबलो. या टायरांचे रबर थंडीसाठी मऊ केलेले असते; तापलेल्या डांबरावर ते फारच मऊ पडते आणि गाडी वेळेत थांबत नाही.

टायरवाला म्हणाला, "ये साइज खलास, भाई. परसों, इन्शाल्ला."

पत्नीचे डायलिसिस उद्या सकाळी आहे. या गाडीत तिला बसवण्याची हिंमत नाही, पहाटे टॅक्सीचा भरवसा नाही. अझैब्यातील डायलिसिस केंद्रापर्यंत आम्हाला कुणी सोडेल का?