पहिल्या बेसपासून दोन पावलं

आमच्या औशात गुरुलिंग सरांचं नाव निघालं की लोक म्हणतात, लई सरळ माणूस. व्हय, सरळच. पण त्या सरळपणाचा फटका मला बसलाय, तेव्हा जरा मला बोलू द्या.

सर आमचे खेळाचे मास्तर. बापाचं किराणा दुकान भावाच्या गळ्यात टाकून शाळेत लागले आणि मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचा नाद धरला. गावानं वेड्यात काढलं. भर उन्हात फक्कीच्या रेघा ओढत घसा कोरडा पडेपर्यंत एकच सांगायचे, "चेंडू मारला की पहिल्या बेसवरून सुसाट पुढं जा, थांबायचं न्हाई. मग सरळ माघारी या, कुणी चेंडू लावला तरी बाद न्हाई. पण दुसऱ्या बेसकडं निघालात अन् चेंडू लागला, की खेळ खल्लास!"

लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झालेली, आणि जिल्ह्याचा संघ म्हणजे आमचीच शाळा. नांदेडशी सामना आमच्याच मैदानावर होता आणि जिंकणारा संघ पुण्याला राज्य स्पर्धेला जाणार होता. आमच्यातल्या एकीनंही पुणं पाहिलेलं नव्हतं. बाहेरचा पंच आलाच नाही, म्हणून नांदेडच्या मास्तरांनीच सरांना पंच म्हणून उभं केलं. म्हणाले, "तुमच्यावर भरवसा हाय."

त्या साली दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या. टँकर चार दिवसांतून एकदा. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं, हे आमच्या अंगातच भिनलं होतं.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं मागं, दोघी बाद; तिसरी बाद झाली की सामना संपला. मी चेंडू मारला, चेंडूच्या आधी पहिला बेस गाठला आणि त्याच वेगात पुढं गेले. तेवढ्यात भोंगा! टँकर दुसऱ्या बेसच्या पल्याड, लिंबाखाली उभा. माझी आई घागर घेऊन एकटीच त्या रेटारेटीत शिरताना दिसली. "आई, थांब, आलेच!" मी ओरडले आणि तिकडं दोन पावलं टाकली. नांदेडच्या पोरीनं मागून येऊन पाठीला चेंडू लावला.

सर माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांनी एकदा नांदेडच्या मास्तरांकडं पाहिलं आणि मूठ वर केली. बाद.

"सर, मी पाण्याकडं निघाले होते हो!" मी रडत सांगितलं. त्यांनी मान फिरवली. पुणं गेलं. घरी आई माझ्याहून जास्त रडली. "मीच मेली कशाला गेले त्या टँकरला," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सर सगळ्या शाळेपुढं उभे राहिले.

"सिंधू दुसऱ्या बेसकडं न्हाई, आईकडं निघाली होती; ती बाद नव्हतीच. मी ऐकलं होतं, पाहिलं होतं. पण लातूरच्या माणसानं लातूरची पोरगी वाचवली असं लोक म्हणतील, ह्याला मी भ्यालो. माझं चुकलं, पोरी."

आणि त्यांनी हात जोडले. चाळिशीचा माणूस, नववीतल्या पोरीपुढं!

निकाल काही बदलला नाही. लोक मात्र त्या दिवसापासून सरांना जास्तच मानतात. मीही मानते, काय करू? पण खरं सांगते, मला त्यांच्यावर जन्मभर चिडायचं होतं. पुणं गेल्यावर तेवढा रागच माझ्याकडं उरला होता. हात जोडून त्यांनी तोही नेला.